कोकणच्या दमट हवेत पोलो टी-शर्ट: ऑफिसला कुठला, बागेत कुठला, पावसात कुठला

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. देवगडला पतसंस्थेत नोकरी, शनिवारी कॉलरचा टी-शर्ट चालतो. संध्याकाळी आणि रविवारी कुणकेश्वरच्या बाजूला घरच्या होमस्टेवर पाहुण्यांची उठबस. मार्च ते मे आंब्याची बाग. दरवर्षी तीन-चार पोलो घेता आणि सहा महिन्यांत कॉलर वळते, रंग विटतो, पावसाळ्यात कुबट वास धरतो तो जात नाही. साडेतीनशेचा घ्यावा की सोळाशेचा, आणि ऑफिस-घर दोन्हीकडे चालेल असा एकच प्रकार आहे का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय होमस्टेवर काम करणाऱ्या मुलांसाठी लोगो टाकून सहा टी-शर्ट करून घ्यायचे आहेत.

मी कुडाळला होजियरीचं दुकान आणि युनिफॉर्मच्या ऑर्डरी बघतो. हॉटेलवाले, बोटवाले, काजू कारखाने, शाळा, पतसंस्था सगळे येतात. त्यामुळे एकच माल वेगवेगळ्या अंगांवर वर्षभर कसा टिकतो ते बघायला मिळतं. त्यावरून सांगतो: तुम्ही किमतीपासून सुरुवात केलीत, पण तुमची अडचण किमतीची नाही, वाळण्याची आहे. पोलोबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक कोरड्या हवेतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. तिथे जाड, घट्ट विणीचं कापड म्हणजे उत्तम कापड. आपल्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि एरवीही समुद्रावरून येणारी खारट ओली हवा. इथे तोच जाड शर्ट जुलैत दोन दिवस दांडीवर ओला राहतो आणि वास धरतो. म्हणून पोलो निवडताना आपण पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की घामाने किंवा पाण्याने भिजल्यावर हा किती वेळात सुकेल? कॉलर त्याच्यानंतर, रंग त्याच्यानंतर, आणि छातीवर कुठलं चित्र आहे ते सगळ्यात शेवटी.

काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत, त्या तुम्ही स्वतःला विचारा. ऑफिसात एसी आहे की नुसता पंखा? घाम किती येतो? कपडे मशीनमध्ये धुता की दगडावर आपटून? पाणी विहिरीचं की नळाचं? आणि पावसाळ्यात कपडे वाळत घालायला पंख्याखालची जागा आहे की पडवीतली दोरी? याच्या उत्तरांवर माझा सल्ला थोडा इकडे-तिकडे सरकेल. कुठे सरकेल ते जाता जाता सांगत जातो.

आता कापड. दुकानात पोलो बघताना कापड नीट डोळ्यांजवळ धरा. बारीक दाणेदार, मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी दिसली तर ते पिके. आपल्या बाजारात त्याला मॅटी म्हणतात. सपाट, बनियनसारखं दिसलं तर ती जर्सी, होजियरीवाले तिला सिंकर म्हणतील. पोलोचं मूळ कापड मॅटीच आहे. टेनिसपटू रेने लाकोस्त १९२६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत अशा अर्ध्या बाह्यांच्या पिके शर्टमध्ये खेळला. त्या काळचे खेळाडू लांब बाह्यांचे, कडक कॉलरचे शर्ट घालत. पुढे १९३३ मध्ये त्याने आंद्रे जिलिए या होजियरीवाल्याबरोबर हे शर्ट बनवायची कंपनीच काढली, तीच मगरीच्या चिन्हाची ‘लाकोस्त’. त्याने ही वीण का निवडली ते आपल्या कामाचं आहे. मॅटीचं कापड सगळं अंगाला चिकटत नाही. उंचवटे तेवढे टेकतात, खळग्यांतून हवा खेळते. म्हणून घामट हवेत मॅटी जर्सीपेक्षा बरी वाटते. तिला आकारही चांगला राहतो. साध्या जर्सीचा पोलो चार-पाच धुण्यांनंतर अंगावर पिळल्यासारखा होतो, कडेची शिवण पोटावर येते. सुताचा पीळ धुताना मोकळा होऊ बघतो म्हणून ते होतं, आणि मॅटीच्या विणीत त्याला कमी वाव मिळतो.

त्यानंतर वजन. लेबलवर किंवा दुकानदाराच्या तोंडी जीएसएम हा शब्द येईल. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, एवढंच ते. पोलो साधारण १८० ते २४० च्या दरम्यान असतात, खेळाचे पातळ पॉलिएस्टरवाले १४०-१६० च्या आसपास. मोठ्या ब्रँडचे जाड पोलो २२० च्या वर जातात, हाताला भारी लागतात आणि म्हणून लोक ते चांगले समजतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आणि एसीत ते छानच आहेत. पण जड कापड पाणीही तेवढंच जास्त पितं. आपल्या किनाऱ्यावर वर्षभर वापरायला मी सुती मॅटी १८० ते २०० मध्येच सुचवतो. ऑफिसात एसी असेल तर २२० चालेल. १८० च्या खाली सुती मॅटी घेऊ नका, ती आरपार दिसते आणि बगलेत लवकर विरते.

सूत कुठलं हा याहून मोठा प्रश्न, आणि इथेच गैरसमज जास्त. कापूस प्रमाण हवेत स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणजे कापूस घाम पितो, अंगाला थंड वाटतो, पण ओला राहतो. पॉलिएस्टर घाम पीत नाही. तो धाग्यांच्या फटींतून कापडाच्या बाहेरच्या बाजूला पसरतो आणि तिथून उडून जातो. ‘ड्राय-फिट’ म्हणून जे विकतात त्याची सगळी करामत या उडून जाण्यावर अवलंबून आहे. हवा कोरडी असेल किंवा वारा असेल तर ते फार छान काम करतं. तारकर्लीच्या बोटीवर उभ्या असलेल्या माणसाला तो शर्ट दहा मिनिटांत सुकलेला वाटेल. पण मे महिन्याच्या शेवटी, मळभ आलेलं, वारा पडलेला, अशा दुपारी पंख्यापासून लांबच्या टेबलावर बसलात तर घाम उडायला हवेत जागाच नसते. मग तोच शर्ट अंगाला प्लास्टिकसारखा चिकटतो. माझ्याकडे याच महिन्यात लोक येऊन म्हणतात की कापड खोटं दिलंत. कापड खोटं नसतं, हवा ओली असते.

पॉलिएस्टरची दुसरी खोड म्हणजे वास. अंगाचा तेलकटपणा त्या धाग्याला घट्ट धरून बसतो आणि साध्या धुण्याने पूर्ण निघत नाही. शर्ट धुतलेला असतो, वाळलेला असतो, अंगात घातला आणि अर्ध्या तासात घाम आला की जुना वास पुन्हा उठतो. तुम्ही ज्या कुबट वासाबद्दल लिहिलंय तो यातला आहे की ओल्या कपड्याचा, हे बघायला हवं. घातल्यावर, घाम आल्यावर येत असेल तर दोष धाग्याचा. कपाटातून काढतानाच येत असेल तर दोष वाळण्याचा.

मधला मार्ग म्हणजे मिश्र सूत, दुकानात पीसी मॅटी म्हणतात. कापूस आणि पॉलिएस्टर साठ-चाळीस किंवा असंच काहीतरी. पावसाळ्यात मी स्वतः हेच वापरतो. सुतीपेक्षा लवकर वाळतं, आवळत नाही, इस्त्री फारशी लागत नाही. वास सुतीपेक्षा जास्त धरतं पण निव्वळ पॉलिएस्टरपेक्षा कमी. फक्त स्वस्त पीसीवर वर्षभरात बारीक गोळे येतात, विशेषतः पिशवीचा पट्टा घासतो तिथे आणि पोटावर.

लेबलवर ‘कॉटन रिच’ वगैरे लिहिलेलं असलं तर त्यावर विसंबू नका, टक्केवारी वाचा. टक्केवारीच नसेल आणि शंका असेल तर घरी आणल्यावर एक धागा जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि चिमटीत मऊ राख होते. पॉलिएस्टर आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. मिश्र असेल तर थोडी राख, थोडा मणी. पण हा धागा शिवणीतला घेऊ नका. शिलाईचा दोरा सुती शर्टातही बहुतेक पॉलिएस्टरचाच असतो, आणि मग चांगला शर्ट उगाच खोटा ठरतो. आतल्या काठाला कापडाची मोकळी कड असते, तिथला घ्या.

एवढ्यावरून तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर देता येतं. दोन्हीकडे चालेल असा एक पोलो नाही, आणि तो शोधण्यातच तुमचे पैसे जातायत असं मला वाटतं. ऑफिसला शंभर टक्के कोम्ब्ड कापसाची, बायोवॉश केलेली मॅटी, दोन नग. जून ते सप्टेंबर पीसी मॅटी, दोन नग. समुद्रावर, बोटीवर, पाहुण्यांना किल्ला दाखवायला न्यायचं तेव्हा पातळ डॉट निट (बारीक छिद्रांच्या, ठिपकेदार विणीचं) पॉलिएस्टर, एक पुरे. बागेसाठी नवा काहीच घ्यायचा नाही, ऑफिसातून निवृत्त झालेला सुती तिथे जाईल. कोम्ब्ड म्हणजे सूत कातण्याआधी विंचरून आखूड तंतू काढून टाकलेला कापूस. बायोवॉश म्हणजे एन्झाइमने कापडावरची लव काढून टाकणं. या दोन्हींमुळे कापडावर लव येत नाही आणि रंग जास्त दिवस स्वच्छ दिसतो. सहा महिन्यांत रंग ‘विटला’ असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा रंग गेलेला नसतो. वर आलेल्या पांढरट लवेने तो फिका दिसत असतो. विंचरलेल्या कापसाला थोडे जास्त पैसे द्यायचे ते यासाठी.

किमतीचं बोलायचं तर साडेतीनशेत जे मिळतं ते बहुतेक स्पन पॉलिएस्टर (आखूड तंतू कातून केलेलं, सुतीसारखं दिसणारं) किंवा हलकी पीसी. त्यात फसवणूक नाही, पण ऑफिसात एक मोसमच जाईल. सातशे ते अकराशेच्या दरम्यान चांगली सुती मॅटी मिळते, तिरुप्पूरची असेल तर बघूनच घ्या, आपल्या देशातली बरीचशी होजियरी तिथेच होते. त्याच्या वरचे पैसे थोडे शिलाईला आणि फिनिशिंगला जातात, पुष्कळसे नावाला. सोळाशेचा एक घेण्यापेक्षा आठशेचे दोन घ्या, असं मी सांगेन. त्याचं कारण काटकसर नाही. शर्टाला धुण्यांच्या मध्ये पूर्ण सुकायला आणि एक दिवस मोकळं पडून राहायला मिळालं की तो जास्त टिकतो, हे मी युनिफॉर्ममध्ये नेहमी बघतो. दोन नग दिलेल्या ठिकाणी कपडा जेवढा चालतो त्याच्या दुपटीहून जास्त तो तीन नग दिलेल्या ठिकाणी चालतो.

आता कॉलर. तुमचा सगळ्यात जास्त राग तिच्यावर दिसतो आणि तो रास्त आहे. वळलेल्या कॉलरचा माणूस काउंटरवर बसलेला बरा दिसत नाही, मग शर्ट कितीही नवा असो.

बहुतेक पोलोंची कॉलर अंगाच्या कापडाची नसते. ती वेगळ्या मशीनवर पट्टीसारखी विणून येते आणि मग गळ्याला जोडतात. स्वस्त मालात अंग सुती आणि कॉलर पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिकची असते. धुतल्यावर अंग एका प्रमाणात आवळतं, कॉलर दुसऱ्या, आणि दोघांच्या ओढाताणीत कॉलरची टोकं वर वळतात. दुसरं कारण शिलाईचं. गळ्याच्या घेराला कॉलर थोडी कमी पडली की कारागीर ती ताणून बसवतो. ताणून बसवलेली कॉलर आज ना उद्या गुंडाळणारच. तिसरं कारण आपल्या घरातलं, ओल्या कॉलरला धरून शर्ट पिळणं आणि इस्त्री करताना टोकं ओढणं.

दुकानात हे असं तपासा. कॉलर दोन बोटांत दुमडून सोडा. ती लगेच सपाट झाली पाहिजे, दुमड धरून बसता कामा नये. मग ती प्रकाशासमोर धरा. वीण दाट असेल तर उजेड जवळजवळ आरपार येत नाही. जोडणीची शिवण मानेमागे आतून बघा, तिथे पट्टी लावून शिवण झाकलेली असली पाहिजे. ती पट्टी नुसती शोभेला नसते, गळा ताणू न देण्याचं काम ती करते. आणि वरची दोन्ही बटणं लावून शर्ट टेबलावर ठेवा. कॉलरची दोन टोकं सारखी पडली आणि बटणपट्टी लाटेसारखी उठली नाही, तर शिवणारा हात चांगला आहे. बटणपट्टीच्या आत फ्युजिंग असतं, म्हणजे चिकटवलेलं कडक कापड. ते हलकं असेल तर पहिल्या गरम धुण्यात फुगे येतात, आणि आलेले फुगे मग जात नाहीत.

ऑफिससाठी दुसरा प्रकार बघायला हरकत नाही. शर्टासारखी, खाली स्टँड असलेली, त्याच कापडाची कॉलर. ती उभी राहते, वळत नाही, आणि तुम्हाला एखाद्या बैठकीला वर जॅकेट घालायचं झालं तर आत चुरगळून बसत नाही. किंमत दीडशे-दोनशेने जास्त पडते. स्टँडमुळे मानेला मात्र गरम होतं. पंख्याच्या ऑफिसात मे महिन्यात ती तुम्हाला सोसेल का, हे तुम्हीच ठरवा. होमस्टेवर आणि समुद्रावर विणलेली मऊ कॉलरच बरी. दुपारच्या उन्हात ती उभी करून मानेवर घेता येते.

मापाबद्दल. एस, एम, एल यांवर अजिबात जाऊ नका, प्रत्येकाचं एल वेगळं असतं. तुमच्याकडचा जो शर्ट अंगावर सगळ्यात चांगला बसतो तो पलंगावर सपाट पसरा आणि बगलेपासून बगलेपर्यंत इंचपट्टी लावा. तुमची छाती ४० इंच असेल तर शर्टाचा घेर ४३ ते ४४ हवा, म्हणजे सपाट माप साडेएकवीस ते बावीस. आपल्या हवेत याहून घट्ट शर्ट घेऊ नका. कापड आणि कातडीच्या मध्ये हवा फिरायला जागा नसेल तर वर सांगितलेली मॅटीची सगळी करामत वाया जाते. आणि आवळण्याचा हिशेब आधीच करा. सुती होजियरी पहिल्या दोन-तीन धुण्यांत लांबीला पाच टक्क्यांपर्यंत आवळू शकते. म्हणजे २८ इंच लांबीच्या शर्टाचा जवळजवळ दीड इंच गेला. दुकानात अगदी बरोबर बसलेला सुती पोलो महिन्याभरात हात वर केल्यावर पोट दाखवतो तो यामुळे. पीसीत हा प्रश्न जवळपास नाही.

खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी, बाही दंडाच्या मध्यावर संपावी, आणि बसल्यावर पोटावर बटणपट्टी ताणली जाऊ नये. ऑफिसात शर्ट खोचणार असाल तर मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी लांब असलेला घ्या, तो वाकल्यावर सुटत नाही. खोचणार नसाल तर खालची कड सरळ आणि कडेला छोटे काप असलेला, लांबी पँटच्या चेनच्या मध्यापर्यंत. खिशाचं विचाराल तर ऑफिसला पेन-चष्म्यासाठी खिसा लागतोच हे मला मान्य आहे. पण विणलेल्या कापडाच्या खिशात मोबाइल ठेवू नका. दोन महिन्यांत तो खिसा आणि त्याच्याबरोबर छातीची ती बाजू खाली लोंबते, आणि ते कशाने परत येत नाही.

रंगात फार वेळ घालवत नाही. घाम सगळ्यात जास्त दिसतो तो राखाडी मेलांजवर, म्हणजे मिसळलेल्या रंगाच्या सुतावर, आणि आकाशी निळ्यावर. पांढरा, गडद निळा, काळा यांवर ओला डाग दिसत नाही. पण गडद रंगावर घाम वाळल्यावर मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटतात, त्यामुळे तो शर्ट दुसऱ्या दिवशी न धुता घालता येणार नाही. ऑफिसला मी गडद निळा आणि बाटली हिरवा सांगेन. पांढरा तुमच्या भागात विचार करून घ्या. जांभ्यातल्या विहिरींच्या पाण्यात पुष्कळ ठिकाणी लोह असतं, त्याने पांढरं कापड हळूहळू पिवळट पडतं. त्यावर लोक क्लोरीनचं ब्लीच टाकतात आणि ते पिवळेपण आणखी पक्कं होतं. लोहाच्या डागावर लिंबू आणि मीठ लावून थोडा वेळ उन्हात ठेवायचं आणि स्वच्छ धुवायचं, तेही फक्त पांढऱ्यावर. रंगीत कापडावर लिंबू-ऊन दोन्ही नकोत.

बागेचं वेगळं सांगतो, कारण तुमचे दोन पोलो तिथेच गेले असणार. आंब्याच्या देठातून उडणारा चीक कापडावर पडला की आधी दिसत नाही, वाळल्यावर तपकिरी होतो आणि मग निघत नाही. ताजा असतानाच त्यावर खोबरेल तेल चोळा, मग भांड्याच्या साबणाने तेल काढा, मग शर्ट धुवा. आधी पाणी लावलंत तर चीक सुटत नाही. काजूच्या बोंडूचा रस याहून वाईट. त्यातला तुरटपणा लोह असलेल्या पाण्याशी मिळून काळपट डाग पाडतो. माझ्याकडे काजूवाले येतात त्यांना मी सरळ गडद तपकिरी किंवा काळं कापडच देतो, डाग काढायच्या भानगडीत पडायला सांगत नाही. तुम्हीही शनिवारी ऑफिसातून थेट बागेत जाणार असाल तर गाडीच्या डिकीत एक जुना सुती टी-शर्ट ठेवा आणि काढणीआधी बदला. नव्या पोलोचं आयुष्य वाढवायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

धुणं आणि वाळवणं. घामाचा शर्ट बादलीत किंवा टोपलीत ढिगात टाकू नका. संध्याकाळी साबण लावायला वेळ नसेल तर नुसता पाण्यातून काढून पसरा. कुबट वासाचे जंतू वाढतात ते ओलं कापड तासन्‌तास गोळा होऊन पडलं की. शर्ट उलटा करून धुवा आणि उलटाच वाळत घाला, कॉलरचं वरचं बटण लावून, कॉलर हाताने सपाट करून. खांद्याला चिमटे लावू नका. पाण्याच्या वजनाने विणलेलं कापड ताणतं आणि खांद्यावर टोकं उठतात. खालची कड दोरीवर घेऊन, कॉलर खाली येईल असा शर्ट टांगा. उन्हाळ्यात रंगीत शर्ट सावलीत. पावसाळ्यात जे काही ऊन अर्धा तास पडेल ते मात्र सोडू नका, तेवढ्याने रंग जात नाही.

पावसाच्या झडीत दोरी पडवीत नको, पंख्याखाली हवी. दोन शर्टांमध्ये हातभर अंतर ठेवा. मशीन असेल तर शेवटचा स्पिन दोनदा चालवा. दगडावर धुत असाल तर जाड टॉवेलमध्ये शर्ट गुंडाळून दाबा, पिळू नका. किंचित दमट राहिलेला शर्ट आतून इस्त्री करून पूर्ण कोरडा करा आणि गार झाल्यावरच घडी घाला. गरम घडी कपाटात गेली की आत ओल धरते. शर्ट सुकला की नाही हे अंगावरून ओळखू नका, बटणपट्टी आणि बगलेची शिवण चिमटीत धरून बघा. कापड दुहेरी-तिहेरी असतं तिथे ओल सगळ्यात शेवटी जाते आणि बुरशीचे काळे ठिपकेही तिथेच पहिले येतात. ते ठिपके एकदा आत गेले की रंगीत शर्टावरून ते काढायचा खात्रीचा उपाय नाही.

ज्या शर्टांनी वास आधीच धरलाय ते कोमट पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून रात्रभर भिजवा, सकाळी नेहमीसारखे धुवा. पॉलिएस्टरच्या शर्टांना सुवासिक कंडिशनर अजिबात लावू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो, घाम पसरायच्या फटी बुजतात, आणि वास त्या थराखाली आणखी टिकतो.

राहिले लोगोचे सहा शर्ट. सहा नगांसाठी स्क्रीन प्रिंटिंग परवडत नाही, प्रत्येक रंगाची वेगळी चौकट करावी लागते. तुमच्यापुढे भरतकाम किंवा ट्रान्सफर (छापलेला लोगो गरम दाबाने कापडावर चिकटवणं), दोनच पर्याय. मॅटीवर मशीनचं भरतकाम सुंदर बसतं आणि शर्टाच्या आयुष्यभर टिकतं. डिझाइन संगणकात चढवायचा खर्च एकदाच येतो, ती फाइल मागून घ्या म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा द्यावा लागणार नाही. लोगो तीन इंचांपेक्षा रुंद नको, आणि त्यात फोन नंबर वगैरे भरू नका. पाव इंचाखालची देवनागरी अक्षरं भरतकामात बुजतात, वेलांट्या आणि रफार ओळखू येत नाहीत. आतल्या बाजूचं अस्तर मऊ लावायला सांगा आणि कडा कापून घ्या, नाहीतर घामात ते छातीवर टोचतं. पातळ डॉट निटवर मात्र भरतकाम करू नका, कापड चुण्या धरतं. त्यावर छोटा ट्रान्सफर लावा आणि मुलांना सांगून ठेवा की त्यावरून थेट इस्त्री फिरवायची नाही. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने रंग धाग्यातच उतरवून छापणं, करून देतो म्हणून कोणी सांगितलं तर ते फक्त पॉलिएस्टरवर आणि फिक्या रंगावरच उतरतं, सुतीवर नाही.

तुमची मुलं दिवसभर स्वयंपाकघर, अंगण आणि किनारा अशी फिरणार. त्यांना १८० ची पीसी मॅटी, विणलेली कॉलर, दोन बटणं, बिनखिशाची, गडद हिरवी किंवा गडद निळी द्या. माणशी एकच शर्ट देऊन भागत नाही, तो रोज धुऊन दुसऱ्या दिवशी अर्धवट ओला घातला जातो. तिघं असतील तर तुमचे सहा बरोबर आहेत. जास्त असतील तर आकडा वाढवा आणि लोगोचा आकार कमी करून खर्च जुळवा. ऑर्डर देण्याआधी एक नमुना शर्ट भरतकामासकट मागून घ्या, पैसे देऊन का होईना. त्याची मापं लिहून ठेवा, तुमच्याच पाण्यात तीनदा धुवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. लांबी एक इंचापेक्षा जास्त गेली, कॉलरची टोकं उठली किंवा लोगोभोवती चुण्या पडल्या, तर तो माल घेऊ नका. गणपतीच्या आधीच्या महिन्यात सगळीकडे ऑर्डरींची गर्दी असते आणि घाईत शिलाई बिघडते, म्हणून हे काम मेअखेर किंवा नवरात्रानंतर द्या.